आपल्या नावावरचा आकडा आपणच वाचायचा

संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या चुलीवर भाकरी असेल, कुणी मशीनवर बसल्या बसल्या ऐकत असेल. आज जमलं तर वही-पेन जवळ घ्या, कारण थोडे आकडे सांगणार आहे. आकड्यांना घाबरू नका. आपण दर महिन्याला गटाचा हिशेब करतो, त्यापेक्षा अवघड काही नाही.

विषय आहे आयकराच्या कागदावर आपल्या नावानं चुकीची कमाई लागण्याचा. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठला आयकर? आमच्या गटातल्या आक्काही हेच म्हणायच्या. म्हणून त्यांचीच गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगते आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूकही आहे, तीही सांगते.

आक्का एका गटाच्या अध्यक्षा. शिवणकामात हात इतका बसलेला की कापड नुसतं बघून माप सांगतील. २०२३ च्या दिवाळीनंतर तालुक्याच्या गावातल्या एका व्यापारी फर्मनं शाळेच्या गणवेशाचं शिलाईकाम द्यायची तयारी दाखवली. कापड त्यांचं, कटिंग त्यांचं, शिलाई आपली. काम मोठं होतं. गटातल्या बारा जणी तयार झाल्या. फर्मचे हिशेबनीस म्हणाले, "बिल करायला पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक द्या." आता बारा जणींचे बारा पॅन, बारा पासबुकं कोण गोळा करणार? काहींचे पॅन होते, काहींचे नव्हते. मी म्हटलं, "आक्कांचंच द्या. पैसे त्यांच्या खात्यावर येतील, त्या वाटून देतील. सोपं पडेल."

ही माझी चूक. मला तेव्हा ती चूक वाटलीच नाही.

काम चांगलं झालं. डिसेंबर ते मार्च, चार बिलं निघाली. ४५,०००, ५२,०००, ५५,००० आणि ४०,००० रुपयांची. एकूण १,९२,०००. हातात आले त्यापेक्षा थोडे कमी, १,९०,०८०. मधले १,९२० रुपये टीडीएस म्हणून कापले गेले.

टीडीएस म्हणजे काय, ते आधी साध्या भाषेत सांगते. काम देणारा आपल्याला पैसे देताना त्यातला थोडा भाग कर म्हणून आधीच कापतो आणि सरकारकडे भरतो. तो भरताना सांगतो की अमुक पॅन नंबरच्या माणसाला मी इतके पैसे दिले आणि त्यातून इतका कर कापला. कंत्राटी कामाला एका व्यक्तीसाठी हा दर शेकडा एक रुपया होता. तोही केव्हा, तर एका वेळी ३०,००० च्या वर पैसे दिले तर, किंवा वर्षभरात मिळून एक लाखाच्या वर गेले तर. पॅन दिला नाही तर शेकडा वीस कापतात. कापलेला कर बुडत नाही. तो आपल्या नावावर जमा असतो आणि आपलं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

आम्ही बारा जणींनी त्या १,९२० रुपयांचा भार सारखा घेतला. प्रत्येकीचे १६० रुपये. जिनं जितके गणवेश शिवले त्याचे पैसे, वजा १६०. आक्कांनी वहीत मांडून सगळ्यांना पैसे दिले. त्यांचं काम सगळ्यांत जास्त होतं. त्यांच्या वाट्याचे ३१,००० रुपये आणि बाकी अकरा जणींचे मिळून १,६१,०००. नऊ जणींनी वहीत सह्या केल्या. तिघी त्या दिवशी लग्नाला गेल्या होत्या. "नंतर करू," म्हणाल्या. सह्या राहिल्या. ही आमची दुसरी चूक.

आता पुढचा भाग ऐका. २०२४ च्या जुलैमध्ये आक्कांना नवी जुकी मशीन घ्यायची होती. बँकेनं आयकराचं विवरणपत्र मागितलं. आक्का महा ई-सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या मुलानं कॉम्प्युटर उघडला आणि मोठ्यानं म्हणाला, "आक्का, तुमच्या नावावर तर ४,९२,००० रुपये दिसतायत की!"

रांगेत मागे आमच्याच गटातली एक जण उभी होती. सही राहिलेल्या तिघींपैकी एक.

गावात बातमी कशी पसरते ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत चार लाख ब्याण्णव हजारांचे पाच लाख झाले होते. "आम्हाला पावणेदोन लाख वाटले आणि तीन लाख स्वतः ठेवले." कुणी तोंडावर म्हणालं नाही. पण दुसऱ्या दिवशी बचत द्यायला चार जणी आल्याच नाहीत. आक्का रात्री माझ्या घरी आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, अकरा वर्षं गट चालवला. एक रुपया इकडचा तिकडं केला नाही. आता हे कसं पुसू?"

मला आकडा खोटा आहे हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दाखवून देता येणं वेगळं. मी बीए झालेली आहे, पण आयकराचं विवरणपत्र तोवर कधी स्वतः उघडून पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसलो. काय काय केलं, ते आता क्रमानं सांगते.

पहिली गोष्ट. घाबरून लगेच विवरणपत्र भरायचं नाही. आधी कागद काढायचे. आयकर विभागाच्या साइटवर आपला पॅन टाकून खातं उघडता येतं. त्यात दोन कागद महत्त्वाचे. एक फॉर्म २६ एएस. कुणी आपला किती टीडीएस कापला त्याची ती यादी. दुसरा एआयएस, म्हणजे वर्षभराचं माहितीपत्रक. त्यात टीडीएसबरोबर बँकेचं व्याज वगैरेही दिसतं. एआयएसची फाइल उघडायला पासवर्ड लागतो. पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. हे दोन्ही कागद छापून घ्यायचे. नुसतं स्क्रीनवर बघून उठायचं नाही.

दुसरी गोष्ट. एकूण आकड्याकडे बघायचं नाही, एकेक ओळ बघायची. आक्कांच्या कागदावर त्या फर्मच्या नावानं पाच ओळी होत्या. आम्ही शेजारी पासबुक ठेवलं. ४५,००० ची ओळ, पासबुकात ४४,५५०. बरोबर. ५२,००० ची ओळ, पासबुकात ५१,४८०. बरोबर. ५५,००० आणि ४०,००० याही जुळल्या. पाचवी ओळ मार्चमधली, ३,००,००० रुपये, टीडीएस ३,०००. पासबुकात त्या तारखेला काही नाही. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. म्हणजे चूक सापडली. सगळा कागद चुकीचा नव्हता. एकच ओळ चुकीची होती.

मैत्रिणींनो, इथं एक फरक नीट लक्षात घ्या. आक्कांच्या कागदावर दोन प्रकारची रक्कम होती. तीन लाखांची ओळ सरळ खोटी, ते पैसे आलेच नाहीत. पण १,९२,००० ची नोंद खोटी नव्हती. ते पैसे आक्कांच्या खात्यावर खरंच आले होते. फक्त ते सगळे त्यांचे नव्हते. पहिली चूक फर्मनं दुरुस्त करायची. दुसऱ्या बाबतीत फर्मची चूकच नाही, तिथं आपला हिशेब आपण दाखवायचा. या दोन्ही गोष्टी एकत्र करून "सगळंच चुकलंय" म्हणत गेलो असतो, तर कुणी ऐकलं नसतं.

तिसरी गोष्ट. आम्ही फर्मच्या ऑफिसात गेलो. हिशेबनीस घाईत होते. म्हणाले, "ताई, कशाला एवढं मनावर घेता? पाच लाखांपर्यंत तुम्हाला कर लागतच नाही. उलट टीडीएस ४,९२० दिसतोय ना? विवरणपत्र भरा, सगळा परत घ्या. तीन हजार रुपये फुकटचे."

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, काय हरकत आहे? त्या वर्षीच्या नियमानं कर लागत नव्हता, हे त्यांचं बरोबर होतं. पण आक्का म्हणाल्या, "साहेब, जे पैसे माझ्या हातात आले नाहीत, त्याच्यावरचा कर मी परत कसा मागू? तो कुणाचा तरी असेल ना?"

नंतर एका कर सल्लागारांनी आम्हाला समजावलं की आक्का बोलल्या तेच कायद्याचंही म्हणणं आहे. कापलेला कर परत मागितला, म्हणजे ज्या कमाईवर तो कापला ती कमाई माझी आहे असं कबूल केलं. मग ते तीन लाख कायमचे आपल्या नावावर. पुढे कर्ज मागताना, तहसील कार्यालयात उत्पन्नाचा दाखला काढताना, कुठल्या योजनेची पडताळणी होताना कुणी विचारलं, तर आपलंच विवरणपत्र आपल्या विरुद्ध बोलणार. आणि गटाचं काय? आक्कांनी तो आकडा मान्य केला असता, तर बायकांचा संशयच खरा ठरला असता.

चौथी गोष्ट. तोंडी सांगणं सोडून आम्ही लेखी अर्ज दिला. हा मजकूर लिहून घ्या, कुणालाही उपयोगी पडेल. वर फर्मचं नाव. खाली आपलं नाव, पॅन नंबर, आर्थिक वर्ष. मग लिहायचं: "आपण जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्रात माझ्या पॅनवर अमुक तारखेला ३,००,००० रुपये दिल्याचं दाखवलं आहे. अशी कोणतीही रक्कम मला मिळालेली नाही. मला मिळालेल्या चार रकमा खालीलप्रमाणे आहेत. कृपया दुरुस्ती विवरणपत्र भरून ही नोंद काढावी आणि मला सुधारित फॉर्म १६ ए द्यावा." सोबत पासबुकाच्या पानांची झेरॉक्स आणि २६ एएसची प्रत. एक प्रत द्यायची, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यायचा. ते सही देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवायचं आणि पावती फाइलला लावायची.

फॉर्म १६ ए हा टीडीएसचा दाखला. तो काम देणाऱ्यानं दर तिमाहीला आपल्याला द्यायचा असतो. आम्हाला त्यांनी दिला नव्हता आणि आम्ही मागितलाही नव्हता. डिसेंबरच्या तिमाहीपासून मागत गेलो असतो, तर मार्चचा दाखला जूनमध्येच हातात आला असता, आणि चूक महा ई-सेवा केंद्राच्या रांगेत नाही, आपल्या घरात कळली असती.

पाचवी गोष्ट. एआयएसमध्ये प्रत्येक ओळीसमोर आपलं म्हणणं नोंदवायची सोय आहे. माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची आहे, दोनदा आली आहे, मान्य नाही, असे पर्याय असतात. आम्ही तीन लाखांच्या ओळीसमोर "मान्य नाही" हा पर्याय निवडला. त्याची पोच मिळते, ती छापून ठेवली. पण एवढं करून थांबू नका. आपण नुसतं म्हणणं नोंदवल्यानं २६ एएसमधली ओळ जात नाही. ती काढायचं काम ज्यानं भरली त्याचंच. म्हणून दोन्ही करायचं.

सहावी गोष्ट. विवरणपत्राची तारीख ३१ जुलै होती. फर्म दुरुस्ती करेल म्हणून वाट बघत बसलो नाही. खऱ्या आकड्यांवर विवरणपत्र भरलं. छोट्या व्यवसायासाठी आयटीआर ४, ज्याला सुगम म्हणतात, तो फॉर्म असतो. बँकेतून आलेल्या जमेवर कमीत कमी शेकडा सहा नफा दाखवायचा, आणि खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो खरा. शिलाईकामाची जमा १,९२,०००. त्याचे सहा टक्के ११,५२०. पण आक्कांचा खरा वाटा ३१,००० होता, म्हणून ३१,०००च दाखवले. त्यांची घरची शिलाई वेगळी लिहिली. टीडीएस मागितला तो १,९२०, एक रुपया जास्त नाही. बाकीच्यांना दिलेल्या १,६१,००० चा पुरावा म्हणजे आमची वही.

आणि इथं त्या तीन सह्या आठवल्या.

मग शनिवारी गटाची बैठक बोलावली. ज्या येत नव्हत्या त्यांच्या घरी मी स्वतः गेले. बैठकीत आक्कांनी पासबुक मधोमध ठेवलं. मी २६ एएसची एकेक ओळ वाचली आणि आमच्या गटातली बारावीला असलेली पोरगी पासबुकातली ओळ वाचत गेली. पाचव्या ओळीला ती थांबली. पान उलटलं, पुन्हा मागे आली, म्हणाली, "ही नाहीच इथं." खोलीत कुणी बोललं नाही. मग मी सांगितलं की एकच पॅन द्यायचा सल्ला माझा होता, त्याचा त्रास आक्कांना झाला. राहिलेल्या तिघींपैकी दोघींनी तिथंच सही केली. तिसरी उठून गेली. रांगेत उभी होती तीच ती. ती आजही आमच्या गटात नाही. सगळंच गोड झालं असं मी सांगणार नाही.

फर्मकडे आम्हाला तीन वेळा जावं लागलं. तिसऱ्या वेळी एक गृहस्थ तिथं आधीच येऊन बसले होते. रंगकामाचे कंत्राटदार. त्यांनी फर्मचं गोदाम रंगवलं होतं, बिल तीन लाखांचं, आणि त्यांचा ३,००० रुपये टीडीएस त्यांच्या कागदावर दिसतच नव्हता. हिशेबनिसांनी आमच्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरच्या यादीत त्यांचं आणि आक्कांचं नाव खालीवर होतं. बिल टाकताना एक ओळ चुकली होती. आक्कांनी जे "कुणाचा तरी असेल" म्हटलं होतं, तो "कुणीतरी" समोरच बसलेला होता. तीन हजार आक्कांनी परत मागितले असते, तर त्या माणसाच्या घामाचे पैसे अडकले असते.

सप्टेंबरमध्ये दुरुस्ती झाली. कागदावरून ती ओळ गेली. ऑक्टोबरमध्ये १,९२० रुपये आणि त्यावर थोडं व्याज खात्यात आलं. आक्कांनी बैठकीत प्रत्येकीला १६० रुपये मोजून दिले आणि सही घेतली. गट सोडून गेलेल्या बाईचे १६० तिच्या घरी नेऊन दिले. व्याजाचा चहा झाला.

फर्म ऐकतच नाही असंही होऊ शकतं. तेव्हा खरं विवरणपत्र भरायचं, अर्जाची प्रत, पासबुक आणि एआयएसची पोच एका फाइलमध्ये ठेवायची, आणि आयकराच्या साइटवर ई-निवारणमध्ये तक्रार नोंदवायची. पुढे आकडे जुळत नाहीत अशी विचारणा आली तर ती फाडून टाकू नका. कागदावर मुदत लिहिलेली असते, बहुधा तीस दिवस. त्या आत ऑनलाइन उत्तर द्यायचं आणि हेच कागद जोडायचे. मात्र फोन करून कुणी "तुमच्यावर नोटीस निघालीय, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. नोटीस खरी आहे का, हे आयकराच्या साइटवर तपासता येतं. मदतीसाठी विभागाचा नंबर आहे, १८०० १०३ ००२५. पैसे लागत नाहीत.

मी सांगितलेले आकडे आणि फॉर्मचे नंबर २०२३-२४ या वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात कलमं आणि फॉर्मचे नंबर बदलले आहेत, म्हणून भरताना जाणकाराला विचारा. पण पासबुक शेजारी ठेवून ओळीनं ओळ जुळवायची पद्धत काही बदललेली नाही.

आता आमच्या गटात काय बदललं, तेवढं सांगून थांबते. सगळ्यांचे पॅन काढून घेतले. मोठं काम आलं की जिचं काम तिचं बिल, तिच्याच खात्यावर पैसे. गंमत बघा, तेव्हाच असं केलं असतं तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी १६,००० रुपये येत होते. शिलाईकाम जिचं तिचं, बिलही तिचं, मग इतक्या रकमेला टीडीएस कापायची वेळच आली नसती. गटाच्या नावानंच काम घ्यायचं असेल तर गटाचा स्वतःचा पॅन काढता येतो. त्याचे नियम आणि कराचा हिशेब वेगळा असतो, तो आधी समजून घ्यायचा. वाटपाच्या वहीत सही झाल्याशिवाय पैसे हातात द्यायचे नाहीत, मग घरात लग्न असो नाहीतर बारसं. आणि दर तीन महिन्यांनी बैठकीत सगळ्यांचे टीडीएसचे कागद उघडायचे. अर्धा तास लागतो.

आक्कांना मशीन मिळाली. त्या आता महा ई-सेवा केंद्रात गेल्या की त्या मुलाला आधीच सांगतात, "बाळा, मोठ्यानं वाचू नको. छापून दे. माझं मी वाचते."

तुमच्याकडेही पॅन असेल, कुणी कधी टीडीएस कापला असेल, तर या आठवड्यात तो कागद काढा. जुळला तर छान. नाही जुळला तर पासबुक घेऊन गटाच्या बैठकीत या, आपण मिळून बघू.

पुढच्या गुरुवारी याच वेळी भेटू. नमस्कार.